मोठ्या कंपनीची ऑफर आलीय, सहा वर्षांचं टूलरूम सोडू का?

अंबडचा_मोसंबीवाला
नमस्कार मंडळी. इथं वाचतो नेहमी, लिहायलो पहिल्यांदाच. माझा डिप्लोमा मेकॅनिकल, नंतर आयजीटीआरला (इंडो-जर्मन टूल रूम, ट्रेनिंगची संस्था) टूल डिझाइनचा कोर्स केला, आणि सहा वर्षं झाली संभाजीनगरच्या चिकलठाण्यात एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे-डाय बनवायच्या शॉपमध्ये आहे. ३५ माणसांचं युनिट. प्रेस टूल, मोल्ड, फिक्श्चर सगळं करतो, व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मिलिंग मशीनचं प्रोग्रामिंग माझ्याकडंच असतं. हातात २७ हजार पडतात. मालक माणूस म्हणून चांगलाय, पण कस्टमरचं पेमेंट अडकलं की आमचा पगार दहा तारखेचा वीस तारखेवर जातो.

आता वाळूजच्या एका मोठ्या ऑटो पार्ट कंपनीत इंटरव्ह्यू झाला, ३६ हजार म्हणतेत, बस, कँटीन, मेडिक्लेम. घरी सगळे एकच बोलायलेत की नावाची कंपनी आहे, ही ऑफर सोडू नको. वडील म्हणतेत मोसंबीचा भरवसा नाही, एक तरी पोरगं पक्क्या जागी असावं. माझं लग्नाचं पण चालूय, स्थळवाले पहिलं कंपनीचं नाव विचारतेत. पण मला आतून भीती वाटायलीय की एवढ्या मोठ्या ठिकाणी मी कुणाच्या लक्षात तरी राहीन का. मोठी कंपनी खरंच जास्त सेफ असती का? अनुभव असेल त्यांनी सांगा.

वाळूज_थर्ड_शिफ्ट
दादा पहिलं एक सांग, लेटर कशाचंय? परमनंट, ट्रेनी, ठेकेदारामार्फत का फिक्स्ड टर्म, म्हणजे ठराविक मुदतीपुरतं? आमच्या लाइनवर एकाच मशीनच्या आजूबाजूला चार जण उभे असतेत, चौघांचे कपडे सारखे, काम सारखं, आणि चौघांची नोकरी चार प्रकारची. एक परमनंट, एक ठेकेदाराचा, एक ट्रेनी, एक सात महिन्यावाला. बाहेरून बघणाऱ्याला सगळे त्या मोठ्या कंपनीतलेच दिसतेत, पाहुण्यांना पण तेच सांगितलं जातं.

सात महिनेच का ते नवीन पोरांना माहीत नसतं म्हणून लिहितो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला काही हक्क लागू होत होते, काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसाच्या पगाराची भरपाई. म्हणून २४० च्या आत ब्रेक द्यायचा, मग परत घ्यायचं नाहीतर दुसरा पोरगा घ्यायचा. मी स्वतः तसा ब्रेक घेत घेत तीन कंपन्या फिरलोय, रूमभाडं चालू आणि गेटपास बंद. वाळूजच्या आजूबाजूच्या पंढरपूर, रांजणगाव, बजाजनगरच्या रूमा अशाच पोरांनी भरल्यात. तेव्हा तू कुणाच्या मस्टरवर जायलास ते पहिलं बघ.

निवृत्त_मशिनिस्ट_परभणी
वरच्या भावाचं खरंय, पण मोठ्या कंपनीला एकदम वाईट ठरवू नका बाबांनो. मी वाळूजमध्ये परमनंट होतो. बजाजचा प्लांट १९८५ ला सुरू झाला आणि त्याच्या मागं मागं सगळं वाळूज उभं राह्यलं, तेव्हा आमच्यासारखी परभणी, जिंतूर, सेलूची पोरं एसटीनं आली आणि माणसात आली. मी बजाजमध्ये नव्हतो, दुसऱ्या कंपनीत होतो, पण आम्हाला युनियन होती, दर तीन-साडेतीन वर्षाला करार व्हायचा, करारात एकदम पगार वाढायचा. माझ्या वडिलांची बायपास कंपनीच्या मेडिक्लेमवर झाली. पोरीच्या शिक्षणाला सोसायटीचं कर्ज मिळालं, बँकेत गेलं की पगाराची स्लिप बघून मॅनेजर खुर्ची द्यायचा. हे छोट्या शॉपमध्ये माझ्या भावाला कधीच मिळालं नाही, आणि तो माझ्यापेक्षा चांगला कारागीर होता हे मी सगळ्यांसमोर सांगतो. त्याचा पीएफ सुद्धा उशिरा सुरू झाला.

म्हणून परमनंट असेल तर डोळे झाकून जा असं माझं मत आहे. परमनंट नसेल तर मात्र विचार कर.

लातूरची_पोर_हिंजवडीत
काका, तुमच्या काळातलं परमनंट आणि आत्ताचं परमनंट यात फरक पडलाय हो. मी आयटीत होते, कागदावर पर्मनंटच. प्रोजेक्ट संपला, बेंचवर म्हणजे कामाविना बसले, आणि एक दिवस मीटिंगचं निमंत्रण आलं त्यात एचआरच्या दोन बायका होत्या ज्यांना मी आधी कधी पाह्यलं नव्हतं. राजीनामा द्या म्हणे, नाहीतर रिलीव्हिंग लेटरवर टर्मिनेशन येईल. माझ्या मॅनेजरला सुद्धा सकाळीच कळलं होतं. तो चांगलाच होता, पण यादी त्यानं केलेली नव्हती, यादी करणाऱ्यांनी आमचं काम कधी बघितलेलंच नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसनं २ टक्के माणसं, म्हणजे १२ हजाराच्या वर, कमी करणार असं स्वतःच जाहीर केलं. टीसीएस! आमच्या लातूरमध्ये पोरगं टीसीएसला लागलं की पेढे वाटतेत. त्याच्या आधी २०२३ च्या जानेवारीत गुगलनं जगभरात १२ हजार काढले होते. कंपनी तोट्यात असायलाच पाहिजे असं काही नाही राह्यलेलं.

दादा, एक गोष्ट लक्षात ठेवा, कुठंही जा, दबावाखाली राजीनाम्यावर सही करायची नाही. राजीनामा दिला की तो तुमच्या मर्जीनं दिला असंच धरतेत, मग भरपाई मागायला तोंड राहत नाही. मी सही केली नाही, वेळ मागितला, शेवटी मला तीन महिन्याचा पगार मिळाला. माझ्यासोबतच्या ज्यांनी घाबरून त्याच दिवशी सही केली त्यांना नुसता नोटीस पिरियड मिळाला.

प्रेसशॉप_२२_माणसं
मी दुसऱ्या बाजूचा आहे, माझंच एक लहान प्रेसशॉप आहे वाळूजला. दोन शब्द मालकाकडून पण ऐका, राग न धरता.

मला कुणाला काढायचं असेल तर त्याच्या बायकोचं तोंड मला आठवतं, कारण त्यांच्या घरी मी जेवलेलो असतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाड्याच विकल्या नाहीत, मारुतीची देशातली एप्रिलची विक्री शून्य होती, तर आमच्यासारख्याकडं कुठून पार्टची ऑर्डर येणार. मी सोन्यावर कर्ज काढून अर्धा अर्धा पगार केला, माणूस काढला नाही. पण हेही तेवढंच खरंय की अजून तीन महिने तसे गेले असते तर माझ्याकडं द्यायला काहीच उरलं नसतं, आणि तेव्हा माझ्या चांगुलपणाचा कुणालाच उपयोग नव्हता. मोठ्या कंपनीला बँक उभं करती, आम्हाला कोण करणार.

२००६ च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्यात लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसात द्यायचं असं लिहिलेलंय. २०२४ च्या एप्रिलपासून इन्कम टॅक्समध्ये पण तरतूद आली की वेळेत दिलं नाही तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. तरी ९० दिवस, १२० दिवस चालूच आहेत, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर जाती. त्या मोसंबीवाल्या भावाचा पगार वीस तारखेला होतो ना, त्याचं मूळ बहुतेक त्याच्या मालकाच्या खिशात नसतं, कस्टमरच्या अकाउंट सेक्शनमध्ये असतं.

म्हणून लहान कंपनी सेफ आहे का बघायचं तर एकच विचार, कस्टमर किती. माझ्याकडं पहिले एकच मोठा कस्टमर होता, त्यानं पार्टचं डिझाइन बदललं आणि एका महिन्यात माझ्या दोन मशिनी रिकाम्या झाल्या. आता पाच आहेत, त्यातला एक शेतीच्या अवजाराचा, एक इलेक्ट्रिकल पॅनलचा. भाऊ तुझ्या टूलरूमचे कस्टमर किती, आणि सगळ्यात मोठ्याचा वाटा किती? सहा वर्षं तिथं असलेल्याला हे माहीत असतं.

अंबडचा_मोसंबीवाला
काका आमचे मोठे कस्टमर चार आहेत. एक फक्त टू-व्हीलरच्या इंजिन पार्टचा, त्याचं काम कमी झालंय. दोन प्लास्टिक मोल्डचे. एक मेडिकल वाला नवीन आलाय, त्याची क्वालिटी कडक आहे पण पैसे वेळेवर.

लेटर अजून आलं नाही, परवा देतो म्हणलेत.

टूलरूमवाला_जुना
इंजिन पार्टवर एक मुद्दा. २०२० च्या एक एप्रिलला बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नियम लागू झाला आणि टू-व्हीलरला कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. ज्यांचं पोट कार्बुरेटरवर होतं त्यांना विचारा, त्यांच्यात मोठ्या कंपन्या पण होत्या. आता इलेक्ट्रिक येऊ लागल्यात, त्यात क्लच नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही. आथर आणि टोयोटा दोघांनी २०२४ मध्ये आपल्या ऑरिकमध्ये (संभाजीनगरजवळची नवी औद्योगिक वसाहत) प्रकल्प जाहीर केलेत. म्हणून तू ज्या मोठ्या कंपनीत जायलास ती नेमका कोणता पार्ट बनवती ते बघ. सस्पेन्शन, ब्रेक, लाइट, प्लास्टिक, वायरिंग हे कोणत्याही गाडीला लागतंच. नुसतं इंजिनच्या आतलं काही बनवत असेल तर ३६ हजार किती वर्षं मिळतील?

आणि तू स्वतः टूल बनवणारा आहेस. गाडी बदलली की टूल नवीन लागतं. तुझ्या हातातलं काम जातंय असं मला तरी दिसत नाही. मोठ्या कंपनीत गेल्यावर ते तुला टूलरूममध्ये घेणार का मेंटेनन्सला टाकणार हे विचारून घे, कारण तिथं पाच वर्षं नुसतं एकाच डायची दुरुस्ती करत बसलास तर बाहेर कुणी विचारणार नाही. मी असे पोरं पाह्यलेत.

पैठणरोड
मोठी कंपनी बंद पडत नसती असं वाटणाऱ्यांनी चितेगावकडं चक्कर मारून यावं. व्हिडिओकॉन. एके काळी आमच्या भागात त्याच्यापेक्षा मोठं नाव नव्हतं, घरोघरी टीव्ही त्यांचा. २०१८ ला बँकांच्या कर्जापायी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. अशा वेळी पैसे कुणाला मिळतेत त्याचा क्रम कायद्यात ठरलेलाय आणि तो कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. कंपनी विकून मोडीत निघाली तर कामगाराचा मागचा २४ महिन्याचा थकीत पगार तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीनं धरतेत, पण स्टाफमधल्या माणसाचा फक्त १२ महिन्याचा आणि तो त्यांच्या नंतर. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा फंड त्या वाटणीत धरत नाहीत, तो कामगारांचाच. पण फंड भरलेला असला तर!

नांदेडच्या जुन्या लोकांना उस्मानशाही मिल आठवत असेल. ती तर पुढं सरकारच्या एनटीसीकडं (कापड गिरण्यांचं महामंडळ) गेलती, तरी बंदच पडली.

पगारपत्रक_ताई
मी पंधरा-वीस लहान कंपन्यांचं पीएफ-ईएसआयचं (सरकारी कामगार विमा) काम बघते, त्यामुळं मला मोठी-छोटी यापेक्षा कागदाचंच जास्त पडलंय. मोसंबीवाले भाऊ, आज रात्री एक काम करा, पीएफचं पासबुक उघडा आणि बघा दर महिन्याला पैसे पडलेत का, का मधेमधे गाळलेत. कायद्यानं २० किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागतोच, तुम्ही ३५ आहात. पगारातून कापून घेतलं आणि भरलं नाही असं होतं, आणि माणसाला ते नोकरी सोडताना कळतं. जी कंपनी पीएफ दर महिन्याला भरते ती कितीही लहान असली तरी माझा तिच्यावर विश्वास बसतो.

दुसरं. तुम्हाला सहा वर्षं झालीत म्हणजे तुमची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, बसलीय, हे तुम्ही कुठंच लिहिलं नाही म्हणून मला काळजी वाटली. दहा माणसं असली तरी लागू होते, फक्त मोठ्या कंपनीत असते हा गैरसमज आहे. हिशोब सोपाय, शेवटचं बेसिक अधिक डीए (मूळ पगार अधिक महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समजा बेसिक-डीए १४ हजार आहे, तर सहा वर्षाचे ४८ हजाराच्या वर होतात. सोडलं तर अर्ज लेखी करा, ३० दिवसात द्यावी लागते. मालक नाही म्हणणार नाही कदाचित, पण मागितल्याशिवाय लहान ठिकाणी मिळत नाही, मी रोज बघते.

तिसरं, ईएसआय. पगार २१ हजाराच्या वर गेला की माणूस त्यातून बाहेर पडतो. तुमच्यासारखे २५-३० हजारवाले लहान कंपनीतले लोक मधेच लटकतात, ईएसआय पण नाही आणि मेडिक्लेम पण नाही. घरात एक दवाखाना निघाला की सगळी बचत गेली. मला विचाराल तर पगारापेक्षा या मेडिक्लेममुळं मोठ्या कंपनीचं पारडं जड होतं, पण त्यात आईवडील धरलेत का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी फक्त बायको आणि लेकरं असतात.

आणि नोकरी बदलली की पीएफ काढून टीव्ही-गाडी घेऊ नका, ट्रान्सफर करा. पेन्शनला एकूण दहा वर्षाची नोकरी धरतात, सहा तुमची झालीत.

हर्सूलचा_वकील
नवीन कायद्याचं सांगतो, कारण वर २४० दिवसाचा जुना संदर्भ आलाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्यात. पहिले १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कामगार कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची, आता तो आकडा ३०० झालाय. म्हणजे दीडशे-दोनशे माणसाच्या मधल्या कंपन्या, आपल्या वाळूज-शेंद्र्यात अशाच जास्त, त्या परवानगीतून सुटल्या. नोटीस आणि वर्षाला १५ दिवसाची भरपाई मात्र राह्यली.

फिक्स्ड टर्मचं असं की त्यात पगार आणि सवलती परमनंटसारख्याच द्याव्या लागतेत, आणि ग्रॅच्युइटी पाच वर्षं न थांबता एका वर्षावर मिळती. हे चांगलंय. पण मुदत संपली की संपली, ती कपात धरत नाहीत, भरपाई नाही. अजून एक, लेटरवर असिस्टंट इंजिनिअर असं भारी नाव असेल तर खूश होऊ नको. सुपरवायझरचं काम आणि पगार १८ हजाराच्या वर असला तर कायदा तुला कामगार मानत नाही, मग वरची बरीच संरक्षणं जातेत. नुसत्या नावावर ठरत नाही, कोर्ट प्रत्यक्ष काम बघतं, पण भांडायला तुलाच जावं लागतं आणि लेबर कोर्टात तारखा किती पडतेत ते मी रोज बघतो.

जालना_रोलिंग
छोट्या मालकाच्या चांगुलपणावर सगळी भिस्त ठेवू नका एवढंच सांगायचंय. माझे मिस्टर जालन्यात एका लहान युनिटला होते, मालक देवमाणूस, पोरीच्या लग्नाला बिनव्याजी पैसे दिलते. मालक हार्टअटॅकनं गेले. पोरं पुण्यात, त्यांना त्या धंद्यात रस नाही, वर्षात शेड भाड्यानं दिलं. कुणाची चूक होती सांगा. मिस्टरांचं वय तेव्हा ४६, अपॉइंटमेंट लेटर कधी मिळालंच नव्हतं, अनुभवाचा दाखला सुद्धा नवीन पोरानं सही करून दिला. दुसरीकडं लागायला लई जड गेलं.

भाऊ, तुमच्याकडं अपॉइंटमेंट लेटर आहे का?

वाळूज_थर्ड_शिफ्ट
ताईंचं वाचून वाईट वाटलं. हे आमच्यात पण आहे, ठेकेदाराच्या पोरांकडं तर नुसतं गेटपास असतं.

अंबडचा_मोसंबीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. लेटर आलं. एक वर्षाची फिक्स्ड टर्म, वाढवायची का नाही ते कंपनीच्या मर्जीवर. विभाग टूल मेंटेनन्स, म्हणजे जुने काका म्हणले तेच. पद असिस्टंट इंजिनिअर. मेडिक्लेममध्ये आईवडील नाहीत, पैसे भरून घेता येतील म्हणतेत.

पगारपत्रक ताई, पासबुक बघितलं, सहा वर्षात एकही महिना गाळलेला नाही, मला खरंच माहीत नव्हतं. अपॉइंटमेंट लेटर मात्र माझ्याकडं नाही.

काल मालकाशी बोललो. ऑफरचं लपवलं नाही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणले ३६ मी देऊ शकत नाही, ३१ देतो, मेडिकलवाल्या कस्टमरचं काम तू बघ. मी म्हणलं सर मला लेटर पाहिजे, त्यात रुजू तारीख सहा वर्षापूर्वीची पाहिजे, आणि आईवडिलांसकट मेडिक्लेमचा अर्धा हप्ता युनिटनं भरावा. ते हो म्हणले, पगाराच्या तारखेचं मात्र वचन देता येत नाही म्हणले.

मी थांबायलो. वडिलांना अजून पटलेलं नाही. त्या कंपनीला मेल केलाय की टूलरूममध्ये परमनंट जागा निघाली तर कळवा, तेव्हा नक्की येतो.

निवृत्त_मशिनिस्ट_परभणी
बरोबर केलंस बाळा. मी परमनंट असेल तर म्हणलो होतो, एक वर्षासाठी नव्हे. वडिलांना माझा नंबर दे, मी बोलतो त्यांच्याशी, आमच्या पिढीचं आम्हाला कळतं.

लातूरची_पोर_हिंजवडीत
३६ आणि ३१ मधले पाच हजार वर्षाला साठ हजार होतात हे पण घरी कुणीतरी म्हणेलच. माझं मत अजून थोडं वेगळंय, मी एक वर्ष तरी मोठं नाव सीव्हीवर घेतलं असतं. पण मेंटेनन्सला नसतं गेले.

पगारपत्रक_ताई
भाऊ, लेटर हातात आल्याशिवाय तिकडं नाही म्हणून कळवू नका. आणि लेटरमध्ये बेसिक किती टाकतात ते बघा. नवीन संहितेप्रमाणं पीएफ-ग्रॅच्युइटीसाठी धरायचा पगार एकूण पगाराच्या निम्म्याच्या खाली दाखवता येत नाही. ३१ मध्ये बेसिक-डीए साडेपंधराच्या खाली दिसला तर सही करायच्या आधी इथं टाका.

अंबडचा_मोसंबीवाला
सोमवारी देणारेत ताई. नावं झाकून फोटो टाकतो.